मुलांनी खाल्लेला हत्ती

मित्रांनो, मी एक रुपया आहे, पण तुमच्या खिशातल्या रुपयासारखा नव्हे. मी चांदीचा आहे आणि शंभरी ओलांडलेला म्हातारा आहे. माझ्या एका बाजूला राजाचं तोंड आहे. दुसऱ्या बाजूला वेलबुट्टी आणि वर्ष आहे. म्हणजे होतं. आता त्या वर्षातले एक, नऊ आणि एक एवढेच तीन आकडे वाचता येतात. चौथा आकडा कुठे गेला, हेच तर तुम्हाला सांगायचं आहे.

मुंबईच्या टांकसाळीत १९११ साली माझा जन्म झाला. माझ्या राजाच्या अंगरख्यावर एक इवलासा हत्ती कोरलेला होता. कोरणाऱ्याने त्याची सोंड इतकी आखूड काढली की बाजारात लोक म्हणू लागले, हा कसला हत्ती, हे तर डुक्कर! झालं, एकच ओरड उठली. सरकारने आम्हाला परत बोलावलं आणि माझी पुष्कळ भावंडं पुन्हा भट्टीत गेली. पुढच्या वर्षीच्या रुपयांवर हत्तीला नीटनेटकी सोंड आली. मी वाचलो तो एका यात्रेकरूमुळे. त्याने मला कनवटीला खोचलं आणि तो काशीयात्रेला निघून गेला. मला शोधायला तिथवर कोण येणार?

काशीत रामघाटावर त्याने वेदपठण करवून घेतलं आणि दक्षिणा म्हणून मला वासुदेवभट कवठेकरांच्या हातावर ठेवलं. वासुदेवभट घरी आले तेव्हा त्यांचा मुलगा शिवराम बारा दिवसांचा होता. बारशाची गडबड चालू होती. त्यांची बायको गीता सहाणेपुढे बसून बाळाची गुटी उगाळत होती. वेखंड झालं, हळकुंड झालं, खारीक झाली. शेवटी सोन्याचा एक वेढा उगाळायची त्यांच्याकडे रीत होती. पण घरात सोनं म्हणजे गीताच्या गळ्यातलं मंगळसूत्र, बाकी सगळा आनंद. तिने मला धुतलं, दोन बोटांत धरलं, सहाणेवर दुधाचे चार थेंब टाकले आणि मला एकदा गोल फिरवलं.

"सोनं नाही तर नाही," ती म्हणाली, "चांदी काय वाईट आहे?"

त्या दिवशी माझा बाजार सुटला. मी गुटीचा रुपया झालो.

मित्रांनो, नाण्याच्या आयुष्यात असं भाग्य क्वचित येतं. माझे भाऊबंद गल्ल्यांतून फिरले, दारूच्या दुकानात गेले, सावकाराच्या पेटीत कुजले. मी मात्र दुधात न्हात होतो. कवठेकरांच्या घरात मूल जन्मलं की बाराव्या दिवशी माझी आठवण निघायची. रोज एक वेढा. कधी राजाची बाजू खाली, कधी वर्षाची, जशी उगाळणारीची सवय असेल तशी. सहा महिन्यांनी उष्टावण असायचं, तेव्हा माझ्याच कडेने बाळाच्या जिभेला खीर लावायचे. एका बाळाने तर मला गिळायचाच बेत केला होता. त्याचं नाव यज्ञेश. तो आता बँकेत अधिकारी आहे आणि लोकांना पैसे सांभाळून ठेवायला सांगतो.

अशी तेवीस मुलं झाली. मला सगळ्यांची नावं पाठ आहेत. त्यांतली चार लहानपणीच गेली. तेव्हा मुलं जायची. त्यांच्या आया दिवसच्या दिवस भिंतीकडे तोंड करून बसायच्या, मग कधीतरी उठून चूल पेटवायच्या. मला त्याचं दुःख व्हायचं, पण चांदीला रडता येत नाही.

रोजच्या एका वेढ्याने माझी खालची कड झिजली. कडेलगतचा वर्षाचा शेवटचा आकडा गेला. हत्तीचे पाय गेले, पोट गेलं, मग डोकं गेलं. मला वाईट वाटलं नाही. ज्या हत्तीपायी माझी भावंडं वितळली, तो माझ्या अंगावरून मुलांनी चाटून चाटून संपवला.

मग काळ बदलला. बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली. डॉक्टर सांगू लागले की सहा महिने आईच्या दुधाशिवाय बाळाला काही देऊ नका. ते योग्यच असणार, ते शिकलेले आहेत. यज्ञेशनंतर पस्तीस वर्षं मला कोणी हात लावला नाही. वेखंडाच्या वासात, पितळेच्या डब्यात मी पडून होतो. कवठेकर रामघाटावरून मंगला गौरीच्या देवळाजवळच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायला आले, तेव्हा सामानात माझा डबाही आला. तो उघडून मात्र कोणी पाहिला नाही.

गेल्या श्रावणात यज्ञेशला मुलगी झाली. यज्ञेशची बायको हिमानी नागपूरची आहे आणि इथल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करते. बाराव्या दिवशी बारसं झालं. मुलीचं नाव मधुरा ठेवलं. हिमानीच्या सासूबाई आनंदीताईंनी माझा डबा काढला. त्यांची बोटं संधिवाताने वाकडी झाली आहेत, म्हणून उगाळायला हिमानीच बसली.

"आई, डॉक्टरांनी काही द्यायचं नाही म्हणून सांगितलंय," ती म्हणाली.

"अगं, शास्त्रापुरता रोज एकच वेढा. बाकी काही नको देऊ. नुसतं बोट चाटव, बस्स," आनंदीताई म्हणाल्या. "एवढ्याशाने काय बिघडतंय?"

हिमानीने मला धरलं. तिला सवय नव्हती. तिचा अंगठा घसरत होता आणि ती स्वतःशीच हसत होती. तिने एक वेढा घेतला आणि करंगळीचं टोक बाळाच्या ओठाला लावलं. मधुराने तोंड वाकडं केलं, मग मिटक्या मारल्या. पस्तीस वर्षांनी मी कोणाच्या तरी उपयोगी पडलो होतो. खरं सांगतो, त्या दिवशी मला नव्या नाण्यासारखं वाटलं.

रोज एक वेढा, असे एकोणीस दिवस गेले. तिसाव्या दिवशी संध्याकाळी मधुराला धाप लागली. तिला दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी तिघं परत आली. बाळ नव्हतं.

इतक्या लहान मुलांना अग्नी देत नाहीत. यज्ञेश आणि त्याचा एक मित्र तिला नावेतून गंगेत घेऊन गेले. हिमानी घरीच होती. तिने सहाण धुतली, पुसली आणि पालथी करून ठेवली. मला डब्यात टाकलं. डबा कपाटाच्या माथ्यावर सरकवला.

त्यानंतरचे चार महिने मी झाकणाआडून ऐकत होतो. ऐकण्यासारखं काही नव्हतं. हिमानी पंधरा दिवसांनी कामावर जाऊ लागली. घरी आल्यावर पोळ्या करायची, कपडे घड्या करायची, विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायची. कुकरची एक शिट्टी झाली की दोन, ते तिच्या लक्षात राहायचं नाही. ती रडली नाही. कोणावर चिडलीही नाही. मंगला गौरीची घंटा वाजली की आनंदीताई हात जोडायच्या आणि ती भाजी चिरत राहायची. मधुराचं नाव घरात कोणी घेत नव्हतं. "तेव्हा", "त्या वेळी" असं म्हणायचे आणि पुढचं वाक्य सोडून द्यायचे.

एकदाच, आनंदीताई देवळात गेलेल्या असताना, ती यज्ञेशला म्हणाली, "ते मी द्यायला नको होतं."

"काय?"

"डब्यातलं. डॉक्टर नाही म्हणाले होते."

"हिमानी, तिच्या हृदयात जन्मापासून दोष होता. रिपोर्ट आहे. मी तुला सांगितलंय."

"हो, सांगितलंयस," ती म्हणाली आणि टेबल पुसायला लागली.

मित्रांनो, तेव्हा मला कळलं की ती मला दोष देते आहे. म्हणजे स्वतःला देते आहे, पण माझ्याकरवी. मला गार वाटलं. तसा मी गारच असतो, पण हे वेगळं होतं. माझ्यात काय वाईट होतं, मला माहीत नाही. तेवीस जणांना मी चाललो. चोविसाव्या वेळी माझ्यातूनच काही गेलं असेल तर? त्यानंतर अंधारात हाच विचार मी करत राहिलो. शेवटी शेवटी तोही सुचेना.

मार्गशीर्षात एका रविवारी यज्ञेशने डबा खाली काढला. तो मोबाइलवर काहीतरी वाचत होता.

"१९११चा रुपया असेल तर त्याला मागणी आहे म्हणे," तो म्हणाला. "आपला कितवा आहे कोण जाणे, शेवटचा आकडाच दिसत नाही. ठठेरी बाजारातले विश्वेश्वर सेठ तपासणीला पाठवतात. बाहेरगावची एक कंपनी आहे. ती नाणं तपासते, दर्जा ठरवते आणि प्लास्टिकच्या डबीत बंद करून सर्टिफिकेटसकट परत देते."

त्याला पैशाची गरज नव्हती. मला वाटतं, मला या घरात ठेवायचंही त्याला सोसवत नव्हतं आणि टाकायचंही.

"बंद म्हणजे?" हिमानीने विचारलं.

"सील. उघडली तर सर्टिफिकेट बाद."

"मग कोणी उगाळणार नाही."

"नाही."

"मग पाठव."

आनंदीताई वाती वळत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "आणि पुढे लागला तर ग?"

"कशाला लागेल, आई?" हिमानी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. आनंदीताईंनी वात तशीच खाली ठेवली.

विश्वेश्वर सेठांची पेढी गल्लीच्या आत, तीन पायऱ्या चढून आहे. हिमानी यज्ञेशबरोबर आली, कारण त्याने चल म्हटलं. सेठांनी मला हातात घेतलं, डोळ्याला भिंग लावलं आणि बराच वेळ उलटंपालटं करून पाहिलं.

"साल का आख़िरी अंक गया," ते म्हणाले. "हाथी भी गया. ई घिसा कैसे, भैया?"

"घुट्टी में, चाचा. हमारे यहाँ बच्चों के लिए पत्थर पर घिसते हैं."

सेठ खो खो हसले. "तो ये कहिए कि आप लोगों के बच्चे हाथी खा गए!"

यज्ञेश हसला नाही. सेठांच्या ते ध्यानात आलं नाही. त्यांनी पुन्हा भिंग लावलं.

"रुकिए. सूँड़ की लकीर बची है. बाल बराबर. और सूँड़ छोटी लगती है." त्यांनी मला दिव्याखाली धरलं. "छोटी सूँड़ माने ग्यारह का. कंपनी वाले ये लकीर मान लें तो आपका सिक्का बन गया. न मानें तो 'घिसा हुआ, ख़राब' लिखकर लौटा देंगे, और फ़ीस अलग गई. पचास-पचास समझिए. सब इसी लकीर पर है, इसको हाथ मत लगाइएगा."

मी ओरडून सांगितलं असतं की होय, मी अकराचाच आहे! पण माझ्या बोलण्याला तिथे कोण विचारतो? माझं सगळं खरंखोटं त्या केसभर रेघेवर येऊन ठेपलं होतं.

सेठांनी मला काट्यावर ठेवलं. लाल आकडे उमटले. "ग्यारह ग्राम इक्कीस. नया था तब रहा होगा ग्यारह छियासठ. आधे ग्राम से थोड़ा कम गया."

इतका वेळ हिमानी पायरीवरच्या चपलांकडे पाहत होती. तिने मान वर केली.

"जो गया, वो कहाँ गया?"

"बच्चों के पेट में, बहूजी, और कहाँ," सेठ सहज म्हणाले आणि कंपनीचा फॉर्म काढायला वळले.

हिमानी काट्याजवळ सरकली. "एक फेरे में कितना जाता है?"

"एक फेरे में? कुछ नहीं. सौ साल में आधा ग्राम नहीं गया."

"कुछ तो जाता होगा."

"काँटे पर दिखेगा ही नहीं."

"मुझे देखना है," ती म्हणाली. "पत्थर दीजिए."

सराफाकडे कसोटीचा काळा दगड असतोच. तो गादीवरच पडला होता. सेठांनी हो किंवा नाही म्हणायच्या आत तिने तो पुढे ओढला आणि काट्यावरून मला उचललं. चार महिन्यांनी तिची बोटं मला लागली. ती गार होती. राजाची बाजू तिने खाली केली.

"हिमानी, अगं, ती रेघ जाईल," यज्ञेश म्हणाला. "मग पाठवण्यात काही अर्थ उरणार नाही."

"जाऊ दे."

"अरे बहूजी, सिक्का बिगड़ जाएगा!"

तिने ऐकलं नाही. मला दगडावर टेकवलं आणि एक वेढा घेतला.

"बारा," ती म्हणाली.

सेठ यज्ञेशकडे पाहू लागले. पहिल्या वेढ्याला बारा म्हणणारं गिऱ्हाईक त्यांनी कधी पाहिलं नसेल. यज्ञेशला मात्र कळलं. तो गादीवर तिच्याशेजारी बसला.

"तेरा," ती म्हणाली. "चौदा. पंधरा." अठराव्याला ती जरा थांबली. "त्या दिवशी ती शिंकली होती," ती म्हणाली आणि पुढे मोजू लागली. तिचा अंगठा आता घसरत नव्हता. एकवीस, बावीस. माझ्या अंगावरची सोंड कितव्या वेढ्याला गेली, मला कळलं नाही. दुखलं नाही एवढं खरं. सत्ताविसाव्याला यज्ञेशही तिच्याबरोबर मोजू लागला. एकोणतीस त्यांनी फार सावकाश घेतला.

"तीस."

तिने हात थांबवला. दगडावरून मला उचलून तिने स्वतःच काट्यावर ठेवलं. लाल आकडे थरथरले आणि स्थिर झाले. अकरा पूर्णांक एकवीस.

"तेवढंच आहे," ती म्हणाली.

"हम तो पहले ही बोले थे," सेठ हळू आवाजात म्हणाले. काहीतरी त्यांनाही उमगलं असावं.

"यज्ञेश, डॉक्टर काय म्हणाले होते? परत सांग."

"तिच्या हृदयात दोष होता. जन्मापासून. आपण काहीही केलं असतं, किंवा काहीही केलं नसतं, तरी तेच झालं असतं." हे त्याने तिला पाच-सहा वेळा सांगितलं असेल. ती त्याच्या तोंडाकडे पाहत होती. आज ते तिच्या कानापलीकडे गेलं.

"म्हणजे माझ्याने नाही झालं."

"नाही ग."

"आणि तिच्या पोटात काहीच गेलं नाही? माझ्या हातचं एवढंसुद्धा नाही?"

आणि मग हिमानी रडली. भर पेढीत, दोन गिऱ्हाइकं पायऱ्यांवर उभी असताना, तोंडावर पदर न घेता ती मोठ्याने रडली. यज्ञेश तिच्या पाठीवर हात ठेवून बसला आणि त्याच्याही डोळ्यांतून पाणी येत होतं. सेठांनी गिऱ्हाइकांना हातानेच नंतर यायला सांगितलं. कंपनीचा फॉर्म त्यांनी गादीखाली सारला.

बऱ्याच वेळाने त्यांनी दगड पुसायला तेलाचं फडकं उचललं. त्यांची ती रोजची सवय.

"रुकिए," हिमानी म्हणाली.

काळ्या दगडावर पांढरी चकचकीत रेघ होती. गोल, एकावर एक, एकोणीस वेढ्यांची. काट्याला ती दिसली नव्हती. तिने करंगळी त्या रेघेवर फिरवली. करंगळीच्या टोकाला चांदी लागली, असली नसली इतकीच. तिने ते बोट तोंडात घातलं.

घरी आल्यावर हिमानीने पितळी डबा धुतला, वाळवला, जुनं किडकं वेखंड फेकून दिलं आणि मला आत ठेवलं. डबा कपाटाच्या माथ्यावर नाही, खालच्या फळीवर ठेवला, जिथे कोणाचाही हात पोहोचतो. सहाण अजून पालथीच आहे. ती कधी सुलटी होईल की नाही, मला माहीत नाही. त्या घरात आजही फार बोलणं होत नाही. कुकरच्या शिट्ट्या मात्र आता मोजल्या जातात.

मित्रांनो, माझं हे असं झालं. माझा हत्ती पुरता गेला, माझं वर्ष गेलं. आता कोणतीही कंपनी मला दर्जा देणार नाही. तुमच्या घरी कुठल्या डब्यात एखादं गुळगुळीत नाणं सापडलं, तर ते घासूनपुसून चकचकीत करू नका आणि बाजारात धावूही नका. आधी घरातल्या मोठ्या माणसांपाशी बसा आणि ते कोणाच्या हातात झिजलं ते विचारा. सांगायला त्यांना वेळ लागला तर थांबा. मला विचाराल तर मी तेवीस नावं घडाघडा सांगेन. चोविसावं मात्र हिमानीला विचारा.

ती आता सांगते.